वात, वाफ आणि वैताग

सिगारेट हे खरं म्हणजे आळशी माणसाचं व्यसन. पाकीट काढा, काडी ओढा, पेटवा, झुरके मारा, पायाखाली चिरडा, निघा. त्यात स्क्रू नाही, चिमटा नाही, कापूस नाही, ओहमचा नियम तर औषधालाही नाही. दहावीला विज्ञानात काठावर सुटलेली लाखो माणसं जन्मभर बिनघोर सिगारेटी ओढत आलेली आहेत. यातलाच एखादा कधीतरी खोकून खोकून बेजार होतो, बायकामुलांच्या शपथा घेतो, सिगारेट टाकून वाफेच्या यंत्राकडे वळतो आणि मनात म्हणतो, सुटलो एकदाचा! इथून पुढेच त्याचे भोग सुरू होतात. कारण दुकानाच्या दारात पाऊल पडताच काउंटरमागचा दाढीवाला पोरगा त्याला विचारतो, "ड्रिपर की टँक?"

प्रश्न दिसायला साधा आहे. पण माझ्या पाहण्यात यावरून दोन शेजाऱ्यांमध्ये बोलाचाली झालेली आहे, एक संसार थोडक्यात वाचलेला आहे आणि एका डायनिंग टेबलाचं पॉलिश कायमचं गेलेलं आहे.

हे सगळं पाहिलं ते इंग्लंडात. आपल्याकडे हा प्रश्न विचारायचीच सोय नाही. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात असं सगळं एका फटक्यात बंद झालं. विक्री-आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. विडी, सिगारेट आणि तंबाखूची पुडी मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत होती तिथेच आहे. यावर मी काही बोलणार नाही. सरकारच्या मनात शिरायचं आता आपलं वय राहिलं नाही.

इंग्लंडात उलटा न्याय. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्याला सांगते, बाबा रे, सुटत नसेल तर निदान वाफ ओढ, ती निर्धोक नाही पण सिगारेटीपेक्षा पुष्कळ बरी. आणि जो काहीच ओढत नाही त्याने कृपा करून याच्या वाटेला जाऊ नये. २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वाफेचं यंत्र देण्याची योजना जाहीर केली. सरकार व्यसन सोडवायला यंत्र देतं आणि यंत्र ओढणाऱ्याच्या वेळेचा फडशा पाडतं, असा हा एकूण व्यवहार.

माझा भाचा रेडिंगला असतो. लंडनच्या पश्चिमेला, आगगाडीने अर्ध्या तासावर असलेलं गाव. आयटीतल्या पोरांनी गजबजलेलं. घरात त्याला बंड्या म्हणतात. सिगारेट त्याने नोकरीत उचलली आणि लग्नाच्या वाटाघाटीत सोडली. सोडली म्हणजे सूनबाईच्या अटीनुसार वाफेवर आला. त्याच्या शेजारी एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर राहतात. ते चाळीस वर्षं सिगारेट ओढून डॉक्टरच्या धाकाने वाफेवर आले. बंड्या ड्रिपरवाला, ड्रायव्हरसाहेब टँकवाले. मध्ये एक लाकडी कुंपण. महिनाभर मुक्कामाला गेलेल्या मामाला याहून अधिक करमणूक टीव्हीवर मिळाली नसती.

आता यंत्राचं थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते जबरदस्तीने ऐकून घ्यावं लागलं आहे. खाली बॅटरी. वर तारेचं वेटोळं, त्याला म्हणायचं कॉइल. कॉइलच्या पोटातून कापसाची वात. वातीला पाजायचा रस, म्हणजे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वास आणि झेपेल तेवढं निकोटिन. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या रसाची वाफ होते, ती ओढायची. पेटत काही नाही, त्यामुळे धूर नाही, राख नाही. २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने हे आजच्या रूपात आणलं. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्या बिचाऱ्याचा हेतू शुद्ध होता. आपल्या शोधापायी रेडिंगमध्ये एक सॉफ्टवेअर इंजिनिअर रविवारी सकाळी डोळ्याला भिंग लावून बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

टँक आणि ड्रिपर यांत फरक एवढाच, की रस ठेवायचा कुठे. टँकमध्ये काचेची टाकी असते. ती भरायची आणि विसरायची. कॉइल कारखान्यातून कापूस भरूनच येते. तिच्या अंगाला भोकं असतात, त्यांतून लागेल तसा रस वातीपर्यंत आपसूक जातो. ड्रिपरला टाकीच नाही. एक छोटी बशी, तिच्यात दोन खांब, खांबांवर स्वतः वळलेली तार, तारेत स्वतः ओवलेला कापूस, वर एक टोपी. टोपी काढायची, कापसावर थेंब थेंब रस टाकायचा, टोपी लावायची, पाच-सहा झुरके घ्यायचे, की कापूस कोरडा. पुन्हा टोपी, पुन्हा थेंब. थेंब जास्त पडले तर हवेच्या भोकांतून रस बाहेर येऊन हातावर, शर्टवर आणि वर सांगितलेल्या डायनिंग टेबलावर. कमी पडले तर कोरडा कापूस जळतो आणि असा ठसका लागतो की मागचा जन्म आठवावा.

एवढं ऐकल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणेल, मग टँकच घ्यावा की! मीही तेच म्हणालो. बंड्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी यापूर्वी एकदाच पाहिली होती, शास्त्रीय संगीताच्या बैठकीत माझ्या एका मित्राने "यात शब्द का नाहीत?" असं विचारलं तेव्हा.

"मामा, चव!" बंड्या म्हणाला.

चव हा ड्रिपरपंथाचा मूलमंत्र. कापसावर रस ताजा, तार कापसाला लगटून, वाफेला तोंडापर्यंत यायला जेमतेम बोटभर अंतर. म्हणून चव खुलते, असं त्यांचं शास्त्र. त्यात तथ्य असावं. निरनिराळ्या रसांची पारख करणारे ड्रिपरच वापरतात, कारण एक कापूस उपटून दुसरा घातला की मागच्या चवीचा मागमूस राहत नाही. टँकमध्ये पुदिना भरलेला असला आणि मधेच आंबा आठवला, तर पुदिना संपेपर्यंत आंब्याने वाट बघायची. पण बंड्याची चव म्हणजे काय, तर बारा महिने तेरा काळ कस्टर्ड. एकच चव ओढणाऱ्याला चवी बदलण्याची एवढी सोय कशाला, हे मी विचारलं नाही. भाच्याकडे पाहुणा म्हणून गेलो होतो.

बंड्याचा रविवार मात्र पाहण्यासारखा. सकाळी पोहे झाले की टेबलावर जुना टॉवेल अंथरला जायचा आणि एकेक आयुध बाहेर यायचं. तारेची रिळं, तीन मिलिमीटरची सळई, बारीक षट्कोनी किल्ल्या, चिनीमातीच्या टोकाचा चिमटा, कात्री, जपानी कापसाचं पाकीट आणि ओहम मोजायचं यंत्र. मग सळईभोवती तार गुंडाळायची. एक वेटोळं, दुसरं, तिसरं, एकाला एक खेटून. सहा झाली की सळईसकट खांबांत बसवायची. स्क्रू कसायचे. हे स्क्रू एवढे बारीक, की एखादा टेबलाखाली पडला तर सगळं घर गुडघ्यांवर. सूनबाईने त्यासाठी लोहचुंबक आणून ठेवलं होतं. संसार हा अशाच तडजोडींवर चालतो.

तार बसली की बटण हलकेच दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. तार मधोमध लाल होऊन लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरली पाहिजे. कडेला आधी लाल झाली तर कुठेतरी वेटोळ्यांत खोट. मग चिमट्याने तार तापत्या तापत्या दाबायची. दिवे मालवून, पडदे ओढून बंड्या ती लाली निरखायचा. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी तल्लीनता असे, तिच्या निम्मी जरी बारावीला असती तर त्याच्या आईचे चार उपास वाचले असते.

तारेतही जाती आहेत. साधी तार, पिळाची तार, चपटी तार. जाड तारेवर बारीक तार घट्ट गुंडाळली की गिटारच्या खर्जाच्या तारेसारखी दिसते, म्हणून तिला एरिक क्लॅप्टनचं नाव. अशी एक क्लॅप्टन कॉइल बंड्याने तीन रविवार खपून वळली आणि तिचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. कोल्हापूरच्या आत्याने "गोड बातमी का?" म्हणून विचारलं.

यातला गमतीचा भाग सोडून एक गोष्ट नीट सांगायला हवी. टँकवाल्याला वीज कळली नाही तरी चालतं; कॉइलवर किती वॅट लावायचे ते छापलेलं असतं. ड्रिपरवाल्याला मात्र गणित चुकवून चालत नाही. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. तार ०.५ ओहमची वळली तर वीज वाहते ८.४ अँपिअर. हौसेने ०.२ ओहमची वळली तर २१ अँपिअर! इंग्लंडात भिंतीत खुपसायच्या प्लगला जास्तीत जास्त १३ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे प्लगचा फ्यूज जिथे हात टेकेल, त्याच्या दीडपटीहून जास्त वीज ही अंगठ्याएवढी बॅटरी देणार आणि तीही ओठांपासून वीतभर अंतरावर. बऱ्या यंत्रांत मधे चिप असते, ती आगाऊपणा करू देत नाही. पण निव्वळ धातूची नळी आणि बटण अशीही यंत्रं मिळतात. त्यांत रोखणारं कोणी नाही, ओहमसाहेब आणि तुम्ही. २०१८ मध्ये फ्लोरिडात वाफेचं यंत्र फुटून एक माणूस दगावला. बंड्याकडे सुरुवातीला अशीच एक पितळी नळी होती. सूनबाईने ओहमचा नियम वाचला, बॅटरीच्या डब्यावरचा आकडा वाचला आणि नळी देवघराच्या मागे कुलपात टाकली. वर सांगितलेला थोडक्यात वाचलेला संसार तो हाच.

कुंपणापलीकडे ड्रायव्हरसाहेबांचं सगळं शांत. त्यांचा टँक बोटभर. सकाळी चहाच्या कपाबरोबर भरायचा, खिशात टाकायचा. आवडता रस पुदिना. सिगारेटीसारखं आधी तोंडात घ्यायचं आणि मग छातीत, लहान लहान झुरके, वाफ एवढीशी की समोरच्याला थंडीतला श्वास वाटावा. बंड्या मात्र थेट छाती भरून ओढणार आणि सोडणार तेव्हा बाग दिसेनाशी. त्याच्या रसात निकोटिन मिलीला ३ मिलिग्रॅम, ड्रायव्हरसाहेबांच्या रसात १२. वाफ जेवढी जास्त, तेवढं निकोटिन कमी ठेवावं लागतं, नाहीतर डोकं गरगरतं. ड्रायव्हरसाहेबांचं म्हणणं, "पोरा, मी एका घोटात घेतो तेच तू बादलीभर पाण्यातून घेतोस."

कायदा मात्र टँकवाल्यांवर जास्त कावलेला आहे. युरोपीय संघाच्या निर्देशाप्रमाणे ब्रिटनमध्ये २०१६ च्या मे महिन्यात नियम आले, ते ब्रेक्झिटनंतरही राहिले. टाकी २ मिलीपेक्षा मोठी नको. निकोटिनच्या रसाची बाटली १० मिलीपेक्षा मोठी नको. निकोटिन मिलीला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन मिली म्हणजे चमचाभरही नाही. वाफेचे ढग सोडणाऱ्या टँकवाल्याची टाकी दिवसातून अनेकदा रिकामी होते. "भरा आणि विसरा" यातलं विसरणं कायद्याने काढून घेतलं! ड्रिपरला टाकीच नाही, तेव्हा टाकीच्या मापाचा नियम त्याला लागणार कुठे? बंड्याने हा मुद्दा कुंपणावरून ड्रायव्हरसाहेबांना इतक्या वेळा ऐकवला की ते बाग झाडायला पुढच्या दाराने जायला लागले.

पण जिथे नियम तिथे पळवाट, हे काही आपल्या सातबाऱ्यालाच लागू नाही. मोठी काच वेगळी विकत मिळते. ती घरी नेऊन टँकला बसवा, दुकानदाराने तुम्हाला मोठा टँक विकलाच नाही. बाटलीचं तर आणखी छान. निकोटिनच्या बाटलीला १० मिलीची मर्यादा आहे, बिननिकोटिनच्या बाटलीला नाही. मग ६० मिलीची बाटली घ्यायची, तिच्यात ५० मिली बिननिकोटिनचा रस, वरची जागा मुद्दाम रिकामी. सोबत १० मिलीची १८ मिलिग्रॅमवाली छोटी बाटली. घरी जाऊन छोटी मोठीत ओतायची, हलवायची, झाला ३ मिलिग्रॅमचा रस तयार. सगळं कायदेशीर. दुकानातला दाढीवाला पोरगा हे गणित इतक्या सराईतपणे सांगत होता की तो आमच्याकडे असता तर चार्टर्ड अकाउंटंट झाला असता. आणखी एक गोष्ट झाली ती फेकून द्यायच्या यंत्रांची. रंगीबेरंगी, एकदा संपली की कचऱ्यात जाणारी, शाळकरी पोरांच्या दप्तरांत सापडणारी. १ जून २०२५ पासून त्यांची विक्री तिथे बंद झाली. त्यावर मात्र कुंपणाच्या दोन्ही बाजूंचं एकमत होतं. दोघांनाही ती पोरकट वाटत.

टँकवाल्यांचं सगळं सुखाचं आहे, असंही नाही. नवी कॉइल घातली की आधी तिच्या कापसावर थेंब सोडायचे, टाकी भरायची आणि पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. घाई केली की कॉइल पहिल्याच झुरक्यात जळाली आणि पैसे गेले. गोड रस वापरला तर कॉइलवर जळकी पुटं चढतात, आठवड्यात ती काळीठिक्कर. टँक आडवा ठेवला, जास्त भरला किंवा विमानात हवेचा दाब बदलला, की खालून पाझर. ड्रायव्हरसाहेबांच्या सगळ्या पँटींच्या उजव्या खिशाला पुदिन्याचा वास येतो, असं त्यांची बायको सांगत होती. पण टँकवाल्याची तक्रार टँकबद्दल असते. ड्रिपरवाल्याची तक्रारच नसते. तो गळती, ठसका, जळका कापूस, हरवलेला स्क्रू हे सगळं अभिमानाने सांगतो.

हे सगळं बघताना मला आमचे आजोबा आठवायचे. त्यांची तंबाखूची चंची होती. तंबाखूचा खण, कात-सुपारीचा खण, चुन्याची डबी, अडकित्ता. दुपारी ओसरीवर बसून ते चंची उलगडत तेव्हा घरातल्या कोणाचीही त्यांना हाक मारायची छाती नव्हती. सुपारी कातरायची, तंबाखू चोळायचा, अंगठ्याने चुना लावायचा, फुंकायचं, पुन्हा चोळायचं; तंबाखू गालात जाईपर्यंत पाव तास. आणि गालात गेल्यावर थोड्याच वेळात पिंक. त्यांना तंबाखूचं व्यसन होतं असं सगळे म्हणत. मला मात्र वाटतं, व्यसन त्या पाव तासाचं होतं. त्या पाव तासात कोणी पैसे मागत नसे, कोणी शेताच्या बांधाचं विचारत नसे. बंड्याच्या टॉवेलभोवतीही रविवारी तसंच एक अदृश्य कुंपण पडत असे. ऑफिसचा फोन आला तर सूनबाई सांगायची, "तो कॉइल बसवतोय." पलीकडचे साहेबही समजूतदारपणे फोन ठेवायचे. टँक भरायला वीस सेकंद लागतात. वीस सेकंद हे काही कारण होऊ शकत नाही.

म्हणून मला कोणी विचारलं, की ड्रिपर घेऊ की टँक, तर मी उलट विचारीन, तुला सिगारेट सोडायची आहे की घरातली कामं टाळायची आहेत? पहिलं असेल तर टँक. गाडी चालवणाऱ्याने तर टँकच. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने टोपी काढून थेंब टाकणारा माणूस मोटारवेवर कुणाला नको. दुसरं असेल तर ड्रिपरला तोड नाही. शिवाय खालून बाटली दाबली की रस आपोआप कापसापर्यंत चढतो अशी एक मधली सोय निघाली आहे, तारही आपण वळायची आणि टाकीही ठेवायची अशी दुसरी. दोन्ही पंथांचे कट्टर लोक या मधल्यांना मोजत नाहीत.

मी तिथे असतानाच माझी थोरली बहीण, म्हणजे बंड्याची आई, पुण्याहून आली. मुलगा तोंडातून वाफ सोडतो हे तिला सांगितलेलं होतं, पण ती सर्दीचा वाफारा समजून चालली होती आणि येताना व्हिक्सच्या दोन बाटल्या घेऊन आली होती. रविवार उजाडला. टॉवेल पसरला गेला. ताई शेंगा सोलत लांबून बघत होती. बंड्याने कापसाचा तुकडा कापला, बोटांत पिळला, कॉइलमध्ये घुसवायला लागला. कापूस अर्ध्यात अडकला. त्याने दुसरा घेतला. तो अगदी सैल बसला. तिसऱ्याला ताई शेंगा सोडून उठली.

"अरे, वात वळतोयस की गादी भरतोयस?"

"आई, तुला नाही कळायचं. हे फार नाजूक असतं. जास्त घट्ट झालं तर रस चढत नाही, कापूस जळतो. सैल झालं तर गळतं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. चातुर्मासात लक्ष वाती वळणारी बाई आहे ती. तिला वातीतून तेल कसं चढतं हे रेडिंगचा इंजिनिअर समजावून सांगत होता.

तिने हात धुतले, पुसले, कापूस घेतला. आधी तो पिंजला. आतली गाठ, कचरा काढून टाकला. मग तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदाच पुढे नेला. सवयीने बोटं चिमूटभर भस्म शोधायला लागली, तेव्हा बंड्या किंचाळला, "आई, राख नको! ते मी ओढणार आहे!" भस्माशिवायही वात वळली गेली. टोकाला अणकुचीदार, मधे फुगीर, दोन्हीकडे सारखी. बंड्याने ती कॉइलमधून ओढली. ना अडली, ना घसरली. टोकं कातरली, बशीत दुमडली, थेंब सोडले, बटण दाबलं. आणि मग तो काही वेळ बोललाच नाही.

"काय रे?" ताईने विचारलं.

"आई, कस्टर्डमधली व्हॅनिला वेगळी लागतेय."

ताईने त्या दुपारी आणखी पंचवीस वाती वळून दिल्या आणि बजावलं, की देवाच्या वाती वेगळ्या, या वेगळ्या; एका डब्यात ठेवशील तर याद राख. सूनबाईने दोन डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर "देव". दुसरीवर "अहो".

पुढे दिवाळीला बंड्या पुण्याला यायला निघाला. यंत्र सोबत आणायची सोय नाही. कायदा वर सांगितलाच आहे आणि विमानतळावर कस्टमच्या माणसाला चवीतला फरक समजावत बसणं बरं दिसलं नसतं. तेव्हा ड्रिपर, तारा, चिमटे आणि "अहो"चा डबा असं सगळं साहित्य त्याने ड्रायव्हरसाहेबांकडे ठेवायला दिलं. म्हातारा विश्वासाचा होता. शिवाय टँकवाला, हात लावायची भीती नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताईच्या घरी फराळाची ताटं मांडलेली, तेवढ्यात बंड्याच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ड्रायव्हरसाहेब. समोर टेबलावर टॉवेल. डोळ्याला बायकोचं भरतकामाचं भिंग. शर्टभर कस्टर्डचा रस. मागे त्यांची बायको कोणाला तरी फोनवर सांगत होती, की ते आत्ता येऊ शकत नाहीत, कामात आहेत.

"मेट," ते म्हणाले, "तुझ्या आईच्या वाती संपल्या. मी स्वतः कापूस घालतोय तर एकतर गळतंय, नाहीतर जळतंय. काय करू?"

बंड्या ओहम आणि वॅट सांगायला लागला. ताईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, पडद्यावरच्या त्या जाडजूड, तेलकट, पुदिना-कस्टर्डने माखलेल्या बोटांकडे नीट पाहिलं आणि फोन पुन्हा बंड्याच्या हातात दिला.

"त्यांना म्हणावं, आधी हात धुऊन या."